गोल्डन आणायचा का, हे आधी आजींना विचारा

वाचकाचा प्रश्न

नागपूरच्या मनीषनगर भागातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीला. सकाळी साडेनऊला निघतात, संध्याकाळी सातला परततात. मुलगा दहा वर्षांचा. तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. सासूबाई सोबत असतात, वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. तेव्हापासून मुलगा शाळेतून आला की मोबाइल घेऊन बसतो, कुणाशी धड बोलत नाही. त्याला कुत्रा हवाय आणि तोही गोल्डन रिट्रीव्हरच. ‘मी सगळं करीन’ असं त्यानं वहीच्या पानावर लिहून खाली सही करून दिलंय. त्याच्या बाबांनाही हौस आहे. एका विकणाऱ्याकडे पिल्लू आहे, आज ३५ दिवसांचं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरपोच देतो, पण अॅडव्हान्स लगेच टाका, असा त्याचा तगादा आहे. सासूबाईंचा ठाम नकार आहे. “मी लेकराले पाहू का कुत्र्याले?” असं त्या म्हणतात. देवघर आहे, केस उडतील, हीसुद्धा त्यांची तक्रार. ताईंनी शेवटी लिहिलंय: ‘गोल्डन तर सगळ्यात शांत, मुलांना कधीच चावत नाही. सासूबाईंना कसं पटवायचं, तेवढं सांगा.’

उत्तर

ताई,

सासूबाईंना पटवायची युक्ती मी सांगणार नाही, कारण त्यांनी विचारलेला प्रश्न मला अगदी रास्त वाटतो आणि तुमच्या पत्रात त्याचं उत्तर कुठेच नाही. तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. मुलाची शाळा, मग शिकवणी. म्हणजे दिवसाचे सात-आठ तास घरात एकच माणूस असतं. पिल्लानं हॉलमध्ये शू केली तर पोछा कोण मारेल? दुपारचं खाणं कोण देईल? पार्सलवाल्यासाठी दार उघडलं आणि पिल्लू जिन्यानं खाली पळालं, तर त्याच्यामागे कोण जाईल? मुलानं वहीत काहीही लिहून दिलेलं असो, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच्या आजीपाशी येऊन थांबतात. जिच्या अंगावर काम पडणार, तिचा होकार सगळ्यात आधी घ्यायला हवा होता. तुमच्या घरात तो सगळ्यात शेवटी मागितला जातोय.

तुम्ही मुद्दाम असं केलं नाही, हे मला कळतं. लेकरू गप्प झालेलं बघवत नाही आणि काहीतरी करावं असं वाटतं. म्हणून तुमच्या पत्रातली एकेक समजूत आपण नीट बघू. असंच पत्र मनात घेऊन बसलेल्या इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

गोल्डनबद्दल तुम्ही जे चांगलं ऐकलंय, ते बरंचसं खरं आहे. मला स्वतःला ही जात फार आवडते. अडचण अशी की ज्या गुणामुळे तो घरात हवासा वाटतो, तोच गुण तुमच्या घरात त्याला दुःखी करू शकतो. या जातीची सुरुवात स्कॉटलंडमध्ये, इन्व्हर्नेसच्या बाजूच्या डोंगरातल्या एका जहागिरीवर झाली. तिथे लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ साली पिवळ्या रंगाचा एक रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनिअल जातीची एक मादी यांची पिल्लं वाढवली. या कुत्र्यांचं काम काय, तर शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी थंडगार तळ्यातून किंवा झुडपातून अलगद तोंडात धरून आणून द्यायचा. दिवसभर माणसाच्या पायाशी राहायचं आणि त्याच्या हाताच्या इशाऱ्याकडे डोळे लावून बसायचं. पिढ्यान्‌पिढ्या याच कामासाठी निवडत आणलेला कुत्रा एकटेपणा सोसण्यासाठी घडलेलाच नाही. रोज आठ तास एकटा ठेवलात तर तो भुंकून सोसायटी डोक्यावर घेतो, सोफ्याचे कोपरे कुरतडतो, नाहीतर आपलाच पंजा चाटत बसतो आणि तिथे जखम करून घेतो. तो द्वाडपणा करत नसतो, त्याला माणूस हवं असतं.

तुमच्या घरात ते माणूस म्हणजे आजी. कुत्रा तुम्ही मुलासाठी आणाल, पण दिवसभर ज्यांच्या पायात घोटाळेल, ज्यांच्या पंगतीला बसेल, ज्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपेल, त्या आजीच असतील. त्यांना ते हवं असेल तर यापेक्षा सुंदर सोबत नाही. नको असेल, तर एक म्हातारं माणूस आणि एक मुकं जनावर, दोघांनाही तुम्ही रोज आठ तास एकमेकांच्या तावडीत देताय.

आता ‘सगळ्यात शांत’ याबद्दल. तुम्ही फोटोत किंवा ओळखीच्या घरी जो शांत गोल्डन पाहिलाय, तो बहुधा तीन-चार वर्षांचा असणार. त्याआधीचा काळ वेगळा असतो. तोंडात काहीतरी धरून हिंडणं त्याच्या रक्तातच आहे. चप्पल, मोजा, उशी, टीव्हीचा रिमोट, आजींच्या साडीचा पदर, काहीही चालतं. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात. मूल खाली बसून गृहपाठ करत असेल तर पिल्लू मागून येतं, पँटची कड दातात धरतं, मान झटकतं. मूल किंचाळून पाय ओढतं, तसं पिल्लाला वाटतं खेळ सुरू झाला. अशा ओरखड्यांनी भरलेल्या पोटऱ्या मी कितीतरी मुलांच्या पाहिल्यात. आठव्या-नवव्या महिन्यात त्याचं वजन पंचविशीला येतं, अक्कल मात्र पिल्लाचीच असते. पूर्ण वाढलेला नर २९ ते ३४ किलोचा, मादी २५ ते २९ किलोची. बेल वाजली की हा ऐवज आनंदानं दोन पायांवर उभा राहून अंगावर येतो. तुमच्या-माझ्या अंगावर आला तर हसू येईल. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर आला तर काय होईल, याचा विचार सासूबाईंनी केलाय. तुम्हीही करा.

‘मुलांना कधीच चावत नाही’ असं कुठल्याच कुत्र्याबद्दल म्हणू नका. खाताना ताटलीत हात घातला, झोपेत अंगावर लोळलं, कान दुखत असताना कान ओढला, तर गरीबातला गरीब कुत्राही दात लावू शकतो. जेवताना, झोपेत आणि आजारपणात त्याला हात लावायचा नाही, एवढा नियम दहा वर्षांच्या मुलाला सहज कळतो. तो पाळला जातोय का, हे मोठ्यांनी बघायचं. दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टर गाठायचा. घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरीसुद्धा.

चावण्याचा संबंध तुमच्या त्या ३५ दिवसांच्या पिल्लाशीही आहे. पिल्लं चावण्याचा जोर आवरायला शिकतात ती आईपाशी आणि भावंडांपाशी. एकानं जोरात दात लावला की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. आई गुरगुरून बाजूला सारते. हे शिक्षण पाचव्या ते आठव्या आठवड्यात रंगात आलेलं असतं. ते पुरं व्हायच्या आधी उचलून आणलेलं पिल्लू बहुतेकदा जास्त चावरं आणि जास्त घाबरट निघतं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या कुत्रे प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकताच येत नाही आणि पिल्लं विकणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. तुमचा विकणारा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे जेमतेम दीड महिन्याचं पिल्लू घरपोच देतोय. घरपोच म्हणजे पिल्लाची आई तुम्हाला दिसणार नाही, ती कुठल्या जागेत राहते तेही दिसणार नाही. माझं मत स्पष्ट आहे: त्याला एक रुपयाही पाठवू नका. तो म्हणेल, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. असू दे.

आता नागपूरचा उन्हाळा. इथे जरा थांबते, कारण पुण्या-मुंबईचे सल्ले वाचून आपल्याकडचे लोक फसतात ते इथेच.

या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा लांब, पाणी आत न शिरू देणारा. खालचा लोकरीसारखा दाट. जिथे भर उन्हाळ्यातही पारा २५ अंशांच्या वर क्वचित जातो, तिथल्या बर्फगार पाण्यात उडी मारण्यासाठी हे कपडे होते. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली, आणि मेअखेरच्या नवतप्यात ४५ तर आपण बऱ्याचदा बघतो. मेमधल्या दुपारी गोल्डन कसा राहतो, ते एकदा कुणाकडे जाऊन बघाच. बाथरूमच्या दाराशी, जिथे फरशीला जरा ओल असते तिथे, पुढचे-मागचे पाय ताणून पोट टेकवून पडलेला असतो. कुशी भात्यासारख्या हलत असतात. थोड्या वेळानं उठतो, हातभर सरकतो आणि न तापलेल्या फरशीवर पुन्हा अंग टाकतो. जिथे जीभ लोंबत होती तिथे लाळेचा डाग राहतो. खेळायला बोलावलं तर शेपूट हलवतो, पण उठत नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, तोंडातला ओलावा उडतो आणि त्यातून अंग थंड होतं. कोरड्या एप्रिल-मेमध्ये कूलरची हवा त्याला चांगली मानवते. खरी पंचाईत जूनमध्ये होते. दोन सरी पडल्या, हवा दमट झाली, ऊन मात्र तसंच, की आपला कूलर निकामी होतो आणि त्याच कारणानं कुत्र्याची धापही निकामी होते. तेव्हा एसी लागतोच. म्हणजे एका खोलीत दुपारी बारा ते पाच एसी चालू, वीज गेली तर पर्याय काय ते ठरलेलं, आणि त्या खोलीत सोबतीला कोणीतरी. कोण, ते पुन्हा सांगायला नको.

कूलरबद्दल आणखी एक. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर शॉक लागतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत असतं. कुत्रा त्याच कूलरला ओलं नाक लावतो आणि टाकीतलं पाणी प्यायला तोंड घालतो. मोसमाच्या सुरुवातीला इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. कुत्रा असो-नसो, लहान मूल असलेल्या घरात हे करायलाच हवं.

फिरवायला सकाळी सहाच्या आत बाहेर पडायचं आणि साडेसहाला घरी. संध्याकाळी सूर्य मावळला तरी डांबर आणि सिमेंटचे रस्ते नऊपर्यंत धगधगत असतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून ठेवता आली नाही, तर कुत्र्याचे पंजे तिथे ठेवायचे नाहीत. उकडतं म्हणून केस भादरून टाकू नका. वरचा थर उन्हापासूनही वाचवतो, आणि एकदा भादरला की पुन्हा सारखा येईलच असं नाही. त्याऐवजी खालचे गळणारे केस ब्रशनं काढत राहायचं. हिरड्या गडद लाल, लाळ चिकट, चाल लटपटती दिसली, उलटी झाली, तर तो उष्माघात समजा. कुत्र्याचा ताप १०१-१०२ हा नेहमीचाच. १०४ च्या वर गेला की घाई करायची. सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतत राहा, पंखा लावा आणि मग गाडीत घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता आतच कोंडते.

या सगळ्यात एप्रिलमध्ये पिल्लू आणणं तर फारच वाईट. परवो, डिस्टेंपर या संसर्गजन्य आजारांच्या लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चौथ्या महिन्यापर्यंत, त्याला रस्त्यावर सोडता येत नाही. पण माणसं, आवाज, वाहनं, रिक्षा, पाऊस, कुकरची शिट्टी या सगळ्याची सवय लागायचं वयही नेमकं तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातलं. एरवी लोक पिल्लाला कडेवर घेऊन अंगणात, गच्चीवर, कॉलनीच्या गेटवर जग दाखवतात. एप्रिल-मेमध्ये ते सगळं वय बंद एसीच्या खोलीत जाईल आणि जून उजाडता उजाडता तुमच्या हाती प्रत्येक गोष्टीला दचकणारा कुत्रा येईल. आणायचंच असेल तर दिवाळी झाल्यावर. फटाके संपलेले असतात, हवा सुखाची असते, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो थोडा मोठा झालेला असतो.

मुलाकडे येते. मला त्याचंच जास्त वाटतंय. तुम्ही सासऱ्यांचं जाणं एका ओळीत लिहिलंय आणि लगेच मोबाइलवर आलात. आजोबा होते तेव्हा शाळेतून आल्यावर त्याच्यासोबत कोण असायचं? त्याला खाली खेळायला कोण न्यायचं? ते गेल्यावर ती वेळ रिकामी झाली असेल, तर ती मोबाइलनं भरली यात नवल नाही. ती जागा भरायला त्यानं कुत्रा मागितलाय, हे एका अर्थी चांगलं लक्षण आहे. त्याला जिवंत सोबत हवी आहे. पण मोबाइल सोडवण्यासाठी कुत्रा आणला तर पहिले पंधरा दिवस नवलाई, मग कुत्रा सोफ्याखाली आणि मूल सोफ्यावर मोबाइल घेऊन, असं कितीतरी घरांत घडतं. आधी ती संध्याकाळची वेळ तुमच्यापैकी एकानं त्याला द्यायला सुरुवात करा. आजोबांबद्दल त्याच्याशी आणि आजींशी बोला. नवरा गेल्यापासून त्याही एकट्याच आहेत, हे पत्रात मला कुठे दिसलं नाही.

‘मी सगळं करीन’ हे तो मनापासून लिहितोय, पण दहा वर्षांच्या मुलाकडून सगळं होत नाही. ब्रश करणं, पाण्याचं भांडं भरणं, ‘बस’, ‘थांब’ शिकवणं, मोठ्यांच्या देखरेखीत खाणं देणं, एवढं तो उत्तम करेल आणि त्याला त्याचा अभिमानही वाटेल. तीस किलोचा कुत्रा एकट्यानं रस्त्यावर नेणं त्याचं काम नव्हे. कॉलनीच्या तोंडाशी चार भटके कुत्रे अंगावर आले, तर पट्टा सुटेल किंवा पोरगं फरफटत जाईल. आणखी एक हिशेब करून बघा. गोल्डन साधारण दहा ते बारा वर्षं जगतो. आज दहाचा असलेला मुलगा तेव्हा वीस-बाविशीत असेल, म्हणजे बहुतेक शिकायला पुण्याला नाहीतर बंगलोरला. कुत्र्याचं म्हातारपण, कमरेनं अधू झालेल्या त्याला तीन मजले खाली-वर करणं, रात्री उठणं, शेवटचा निर्णय घेणं, हे सगळं तुम्हा दोघांच्या वाट्याला येणार. मुलाच्या हट्टासाठी कुत्रा आणता येत नाही तो म्हणूनच. तुम्हाला स्वतःला तो बारा वर्षं हवा असेल तर आणा.

केसांबद्दल सासूबाईंचं खरंच आहे. बारा महिने गळतात, आणि वर्षातून दोनदा तर अक्षरशः पुंजकेच्या पुंजके. रोज ब्रश करूनही डाळीत एखादा केस निघतोच. देवघराचं मात्र जमतं: स्वयंपाकघर आणि देवघर यांच्या दारात लहान मुलांसाठी मिळतं तसं कमरेइतकं फाटक बसवायचं आणि पहिल्या दिवसापासून त्याला आत येऊ द्यायचं नाही. कुत्रा महिनाभरात शिकतो. मोडतो तो नियम आपण. रविवारी लाडानं आत घेतो आणि सोमवारी रागावतो.

खर्चाचं थोडक्यात सांगते. महिन्याला दहा-बारा किलो कोरडं खाणं, लसी, गोचीड आणि जंतांची औषधं, उन्हाळ्यातलं वीजबिल. पिल्लाची किंमत यापुढे किरकोळ वाटते. नुसत्या दूध-पोळीवर हा कुत्रा नीट वाढत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट त्याला विषासारखं. म्हणजे आपल्या सावजी रश्श्याचं हाडूकसुद्धा नाही. पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावं लागतं. या जातीत नितंबाच्या आणि कोपराच्या सांध्याचे दोष, कातडीची ॲलर्जी, कानाचं दुखणं नेहमीचं आणि कर्करोगाचं प्रमाणही जास्त; अमेरिकेत तर याच कारणासाठी २०१२ पासून तीन हजारांहून अधिक गोल्डनचा जन्मभर मागोवा घेणारा अभ्यास सुरू आहे. म्हणून पिल्लाच्या आई-बापाच्या नितंबाचे एक्स-रे मागा. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. नसबंदीची घाईही नको: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ साली ७५९ गोल्डनच्या नोंदी तपासल्या, त्यात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये सांध्याचे विकार जास्त आढळले. कधी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आपल्या गावातच आहे. कुत्रा आणायच्या आधीसुद्धा तिथे जाऊन शंका विचारता येतात.

सोसायटीची धास्ती मात्र नको. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार कुठल्याही सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. महापालिकेत नोंदणी करा, जिन्यात-लिफ्टमध्ये पट्टा लावा, घाण झाली तर स्वतः उचला. एवढं केलं तर भांडणं उभी राहत नाहीत.

मग करायचं काय?

आधी सासूबाईंशी बोला. पटवायला नको, ऐकायला बसा. रविवारी दुपारी, मुलगा नसताना. “आई, कुत्रा आणला तर तुमच्या दिवसात काय काय बदलेल असं वाटतं?” एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. पडायची भीती, सोवळं, नवऱ्यामागे घरातलं आपलं मत कुणी विचारत नाही ही सल, यातलं काय निघेल ते त्यांनाच माहीत. त्यांनी शांतपणे नाही म्हटलं, तर ते नाहीच. रडून-रुसून, ‘नातवासाठी एवढं करा’ म्हणून मिळवलेला होकार त्यांच्यावरही अन्याय आहे आणि कुत्र्यावरही.

त्या तयार झाल्या, तरी पिल्लू नको, असं मी तुमच्या घराकडे बघून सांगते. तीन-चार वर्षांचा, घरात राहायला शिकलेला कुत्रा बघा. नागपूर हे बदल्यांचं गाव. वायुसेना, रेल्वे, कोळसा खाणी, बँका. बदली झाली, परदेशी जायचं झालं की चांगल्या घरातल्या गोल्डनला नवं घर शोधणारी माणसं इथे असतात. पशुवैद्यांच्या कानावर अशी कुटुंबं येतात, त्यांच्याकडे नाव सांगून ठेवा. गेले तीन उन्हाळे त्यानं इथेच काढलेले असतील तर त्याला काय झेपतं तेही कळतं. आणि गोल्डनचाच आग्रह का, हेही एकदा मुलाला विचारा. जखमी-बेवारस जनावरं सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये मोठे झालेले देशी कुत्रे आहेत. अंगावर आखूड केस, उन्हाला सरावलेले, वजनानं पंधरा-वीस किलो, आजींच्या गुडघ्याला सोसतील असे. मी तुमच्या जागी असते तर आधी तिथेच गेले असते.

मधल्या काळात महिनाभर कुत्र्याशिवाय कुत्र्याचं वेळापत्रक पाळून बघा. सकाळी साडेपाचचा गजर, मुलगा आणि बाबा दोघांनी अर्धा तास चालून यायचं. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर चहाच्या आधी पुन्हा तेवढंच. दुपारी आठ तासांत घरी कोण येऊन जाईल, याची सोय प्रत्यक्ष करून बघा: पैसे देऊन येणारा माणूस ठेवायचा, की तुमच्यापैकी कोणी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणार? एप्रिल-मेमध्ये हे निभलं तर पुढे निभेल.

कुत्रा बघायला जाल तेव्हा आजींना सोबत न्या. सकाळी लवकर जा. त्यांना खुर्चीवर बसू द्या आणि कुत्र्याला त्यांच्याकडे यायचं असेल तर येऊ द्या, ओढून नेऊ नका. तो अंगावर उड्या मारतो का, पट्टा धरून चालवताना किती ओढतो, ताटलीजवळ माणूस गेलं तर अंग आखडतो का, हे तुम्ही बघा. त्याच दिवशी घरी आणायचा नाही. आठवड्यानं पुन्हा जा, तेव्हा मुलालाही न्या, आणि दोन्ही भेटींनंतर आजींचं मत सगळ्यात आधी विचारा.